रोझची भूमिका आणि प्रयोगापूर्वीचे लोकमत

नाट्येतिहासाचा अभ्यासक सामान्यतः पडदा वर गेल्यानंतरच्या घटनांकडे लक्ष देतो. संहिता, प्रयोगवर्णने, परीक्षणे आणि खेळांची संख्या ही त्याची नेहमीची साधने होत. नटसंचाची घोषणा आणि पहिला खेळ यांमधील काळात रसिक, स्तंभलेखक व व्यावसायिक जे बोलतात, त्याची गणना मात्र तो बहुधा अफवांत करतो. प्रस्तुत निबंधात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरील ‘जिप्सी’ या संगीतिकेच्या पुनःप्रयोगांचा विचार केला आहे. पात्रयोजनेविषयीचे हे पूर्वमत चुकीचे ठरले तरीही ते इतिहासाचे महत्त्वाचे साधन राहते. मात्र ते नेमके कशाचे साधन आहे, हे ओळखले पाहिजे.

‘जिप्सी’चा पहिला प्रयोग २१ मे १९५९ रोजी झाला. जिप्सी रोझ ली या नर्तकीच्या १९५७ मधील आत्मचरित्राच्या आधारे आर्थर लॉरेन्ट्स यांनी संहिता लिहिली. संगीत ज्यूल स्टाइन यांचे, पदे स्टीफन साँडहाइम यांची आणि दिग्दर्शन जेरोम रॉबिन्स यांचे होते. आपल्या मुलींना रंगमंचावर यशस्वी करण्यासाठी सर्वस्व पणाला लावणारी व त्यांचे बालपण गिळून टाकणारी आई रोझ, हे नाटकाचे केंद्र होय. ही भूमिका एथेल मर्मन यांच्यासाठी घडविली गेली. संगीतरचनाही साँडहाइम यांनीच करावी असा मूळ विचार होता. परंतु नवख्या संगीतकाराच्या हाती स्वतःला सोपविण्यास मर्मन यांनी नकार दिला, म्हणून स्टाइन यांची योजना झाली. म्हणजे भूमिकेच्या आधी आवाज होता, आणि त्या आवाजाच्या मापाने भूमिका बेतली गेली.

याचा परिणाम खुद्द नाट्यरचनेवर झाला. अखेरीस ‘रोझेस टर्न’ या पदात रोझचे मन कोलमडते. या पदाचा शेवट टाळ्यांना वाव न देता व्हावा अशी साँडहाइम यांची इच्छा होती. परंतु प्रेक्षकांना या गायिकेला दाद देण्याची संधी मिळाली नाही, तर त्यांचे चित्त पुढील प्रवेशावर स्थिर होणार नाही, असा सल्ला त्यांचे गुरू ऑस्कर हॅमरस्टाइन यांनी दिला व तो मानला गेला. पुढे ७०२ प्रयोग झाले. त्याहून दूरगामी गोष्ट म्हणजे कोलंबिया कंपनीने काढलेली मूळ नटसंचाची ध्वनिमुद्रिका. ज्यांनी नाटक पाहिले नव्हते त्यांच्याही कानांत मर्मन यांचा खडा आवाज कायमचा बसला. प्रयोग नश्वर असतो आणि स्मृती पुसट होत जाते. ध्वनिमुद्रिका मात्र पुसट होत नाही. पुढील प्रत्येक रोझला याच मुद्रिकेशी झुंज द्यावी लागली.

पहिला मोठा पुनःप्रयोग १९७३ मध्ये लंडनला झाला आणि १९७४ मध्ये तो ब्रॉडवेवर आला. रोझच्या भूमिकेत अँजेला लॅन्सबरी होत्या. त्यांचा लौकिक मुख्यतः अभिनेत्री म्हणून होता. साहजिकच मर्मन यांच्या आवाजाशी तुलना अटळ होती. दिग्दर्शक या नात्याने लॉरेन्ट्स यांनी या भेदाचाच उपयोग केला. ‘रोझेस टर्न’ संपल्यावर टाळ्या होत, लॅन्सबरी वाकून अभिवादन करीत. टाळ्या थांबत, तरीही त्या अभिवादन करीतच राहत. हा जयजयकार केवळ रोझच्या मनात चालू आहे, हे प्रेक्षकांच्या एकाएकी ध्यानी येई. १९५९ मध्ये जी टाळी नाटकाला दिलेली सवलत होती, तीच आता नाटकाचा आशय बनली. वेगळ्या पात्रयोजनेमुळे संहितेतील दडलेला अर्थ कसा बाहेर येतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

त्यानंतरच्या पुनःप्रयोगांतही शंकांचे स्वरूप लक्षणीय आहे. १९८९ मध्ये दूरचित्रवाणीवरील पोलीस मालिकेमुळे घरोघरी परिचित झालेल्या टाइन डेली यांची निवड झाली. त्यांना १९९० चा टोनी पुरस्कार मिळाला. २००३ मध्ये सॅम मेंडेस यांच्या दिग्दर्शनाखाली बर्नाडेट पीटर्स यांचे नाव जाहीर होताच, या नाजूक चणीच्या, बाहुलीसारख्या चेहऱ्याच्या अभिनेत्रीला रोझ पेलेल काय, असा प्रश्न उघडपणे विचारला गेला. वस्तुतः मर्मन यांनी गाजविलेली ‘अ‍ॅनी गेट युवर गन’मधील भूमिका करून त्यांनी १९९९ मध्येच टोनी पुरस्कार मिळविला होता. खरी रोझ होविक हीसुद्धा लहान चणीची व मोहक होती, असे समर्थकांचे म्हणणे होते. पूर्वप्रयोगांच्या काळात आजारपणामुळे त्यांचे काही खेळ चुकले, तेव्हा शंकांना अधिकच धार आली. प्रत्यक्ष उद्घाटनानंतर ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक बेन ब्रँटली यांनी त्यांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. उलट २००८ मध्ये पॅटी लुपोन यांच्याविषयी शंका फारशी नव्हती. त्यांचा आवाज त्या जुन्या मुद्रिकेच्या अपेक्षेशी जुळणारा होता. येथवरचे वाद पाहता, लोक रोझविषयी बोलत असले तरी मोजमाप मात्र मर्मन यांचे घेत होते, असे म्हणावे लागते.

२०२४ मधील पुनःप्रयोगाने या वादाला वेगळे वळण दिले. जॉर्ज सी. वुल्फ यांचे दिग्दर्शन आणि रोझच्या भूमिकेत ऑड्रा मॅकडॉनल्ड, असा हा योग होता. मॅकडॉनल्ड यांनी त्यापूर्वी सहा टोनी पुरस्कार मिळविले होते, तेही अभिनयाच्या चारही विभागांत. तरीही दोन आक्षेप पुढे आले. पहिला परिचित होता: त्यांचा शास्त्रशुद्ध तालमीतला, उंच पट्टीत खुलणारा आवाज रोझच्या पदांना साजेल काय? दुसरा आक्षेप वर्णाचा होता. ब्रॉडवेवर रोझ साकारणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अभिनेत्री होत्या. आणि १९२० च्या दशकातील कृष्णवर्णीय आईला ऑर्फिअमसारख्या गोऱ्यांच्या नाट्यगृहसाखळीत प्रवेशाची आशा तरी बाळगता आली असती काय, असा प्रश्न इतिहासाचे नाव घेऊन विचारला गेला.

हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्या काळी कृष्णवर्णीय कलावंतांसाठी ‘थिएटर ओनर्स बुकिंग असोसिएशन’ ही निराळी साखळी होती. १९१० मध्ये बर्ट विल्यम्स ‘झिगफेल्ड फॉलीज’मध्ये झळकले, पण असे अपवाद मोजकेच. वर्णाकडे डोळेझाक केली, तर त्या काळातील अन्यायही नजरेआड होतो, ही भीती रास्त आहे. परंतु या युक्तिवादाला दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे, रचनाकारांनीच ‘जिप्सी’ला ‘संगीतमय कल्पितकथा’ असे उपशीर्षक दिले होते. जेथे कर्त्यांनीच ऐतिहासिक यथार्थतेचा दावा सोडला, तेथे तो केवळ वर्णापुरता पुन्हा मांडणे सुसंगत नव्हे. दुसरे असे की, वुल्फ यांनी वर्णाकडे दुर्लक्ष केले नाही. मुले मोठी होताना दाखविणाऱ्या प्रसिद्ध दृश्यात, जूनच्या मागे नाचणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांची जागा गोरे तरुण घेतात. गोऱ्या व्यवस्थापकांची मर्जी संपादन करण्यासाठी रोझ काय काय करण्यास सिद्ध आहे, हे एकही शब्द न बदलता तेथे दिसले.

येथे दोन संकल्पनांतील भेद ध्यानात घ्यावा. १९९४ मध्ये ‘कॅरुसेल’च्या पुनःप्रयोगात मॅकडॉनल्ड यांनी एकोणिसाव्या शतकातील न्यू इंग्लंडमधील कॅरीची भूमिका केली, तेथे प्रेक्षकांनी वर्ण लक्षात घेऊ नये अशी अपेक्षा होती. ही वर्णनिरपेक्ष पात्रयोजना होय. २०२४ मधील योजना वर्णसजग होती. वर्ण लक्षात घेतल्यावाचून तिचा अर्थ पूर्ण होत नव्हता. १९६७ मध्ये डेव्हिड मेरिक यांनी, म्हणजे ‘जिप्सी’च्याच मूळ निर्मात्यांपैकी एकाने, ‘हॅलो, डॉली!’मध्ये पर्ल बेली यांच्यासह संपूर्ण कृष्णवर्णीय संच उभा केला होता. तो मार्ग या दोहोंहून निराळा: तेथे वर्णमिश्रणाचा प्रश्नच टाळला गेला होता.

१९ डिसेंबर २०२४ रोजी मॅजेस्टिक नाट्यगृहात उद्घाटन होऊन १७ ऑगस्ट २०२५ रोजी हा प्रयोग थांबला. आवाजाविषयीचा मतभेद अखेरपर्यंत मिटला नाही, आणि तो मिटावा अशी अपेक्षाही नसावी. इतिहासकाराचे काम पूर्वमत खरे ठरले की खोटे, हा निवाडा देण्याचे नाही. लॅन्सबरी यांच्या वेळी आवाज, पीटर्स यांच्या वेळी शरीर आणि मॅकडॉनल्ड यांच्या वेळी वर्ण, असे ‘योग्य नाही’ या एकाच निकालामागचे कारण बदलत गेले. भूमिका तीच, शब्द तेच. बदलली ती भूमिकेवर कोणाचा हक्क आहे याविषयीची समाजाची समजूत. परीक्षणे संयमाने लिहिली जातात व त्यांत ही समजूत झाकली जाते. पडदा वर जाण्यापूर्वीच्या अधीर बोलण्यात ती उघडी पडते. म्हणून नाट्येतिहासाच्या अभ्यासकाने हे बोलणे टाकाऊ मानू नये. त्याची तारीखवार नोंद करावी आणि ते नटापेक्षा बोलणाऱ्याविषयी काय सांगते, हे आधी तपासावे.