स्वस्त अंड्याची किंमत

दुसरे महायुद्ध संपले तरी इंग्लंडातील अन्नटंचाई सरली नव्हती. मांसाचे शिधावाटप 1954 पर्यंत चालू होते. अशा देशाला स्वस्त अन्नाची ओढ लागावी, यात नवल नाही. त्या ओढीत अंगणात दाणे टिपणारी कोंबडी तारेच्या पिंजऱ्यात गेली, वासरू अंधाऱ्या खणात गेले आणि शेताला कारखान्याची कळा आली. अंडी स्वस्त झाली खरी; पण ही बचत कोणाच्या जिवावर झाली?

हा प्रश्न रूथ हॅरिसन या बाईंनी 1964 साली 'अ‍ॅनिमल मशीन्स' या पुस्तकातून समाजापुढे ठेवला. लोकमत इतके खवळले, की सरकारला प्राध्यापक ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. 1965 च्या तिच्या अहवालातील मागणी पाहा: जनावराला वळता यावे, उठता-बसता यावे, अंग साफ करता यावे, पाय ताणता यावेत. एवढे साधे मागणे लेखी करावे लागले, यातच त्या व्यवस्थेचे स्वरूप उघड होते.

हा केवळ भूतदयेचा प्रश्न नव्हे. दाटीत कोंडलेल्या जनावरांना सर्रास प्रतिजैविके चारली जात. त्यांना न जुमानणारे जंतू माणसापर्यंत पोहोचतात, असा इशारा इंग्लंडातीलच स्वान समितीने 1969 साली दिला.

मग दुसरा मार्ग नाही काय? आहे. स्वित्झर्लंडने 1981 साली नियम करून दहा वर्षांच्या मुदतीत हे पिंजरे बंद केले. कोंबडीला बसायला दांडी, अंडी घालायला आडोसा, उकरायला भुसा मिळाला. युरोपीय संघानेही 1999 मध्ये कायदा करून 2012 पासून जुन्या धर्तीच्या उघड्याबोडक्या पिंजऱ्यांना मनाई केली. अशी अंडी महाग पडतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. ती कोंबडीकडून वसूल होणारी किंमत आता गिऱ्हाईक देते, इतकेच.

आपल्याकडे तर 1960 च्या कायद्यानेच, हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणे गुन्हा ठरविले आहे. तरीही 2017 मध्ये विधी आयोगाला कोंबड्यांसाठी निराळ्या नियमांचा मसुदा सुचवावा लागला. इंग्लंडात समिती बसली ती लोकांनी जाब विचारल्यावर. आपल्या कायद्यालाही जाग यायची असेल, तर अंडी विकत घेणाऱ्या तुम्हा-आम्हालाच तोंड उघडावे लागेल.