मुठेकाठी एक सत्र

जुलैत पुण्यात येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला मुठा भेटते ती गढूळ, फुगलेली, भिडे पूल पाण्याखाली घालणारी. जानेवारीत येणाऱ्याला तीच नदी जलपर्णीखाली शोधावी लागते. दोघेही एकेक सत्र राहतात, क्रेडिट पुरी करतात आणि परत जातात. पहिल्याने टँकर पाहिलेला नसतो, दुसऱ्याने पाऊस. आणि आपल्या प्रदेशाचा भूगोल तर चार महिन्यांत पडलेले पाणी बारा महिने कसे पुरवायचे, या एका प्रश्नाभोवतीच उभा आहे. म्हणजे पाहुण्याच्या हाती पडते ते अर्धे वर्ष. उरलेले अर्धे त्याला कोणीतरी इथल्याने द्यायला हवे. ही पुस्तिका त्या इथल्या माणसांसाठी आहे.

म्हणूनच ती मराठीत आहे. पाहुण्या विद्यार्थ्यांना विमानतळापासूनच इंग्रजीतली जाडजूड फाइल मिळते. त्यांच्याबरोबर शिवारात हिंडणारी मराठी मुले-मुली, त्यांना घरी ठेवून घेणारी कुटुंबे, प्रश्नावली घेऊन दारात उभ्या राहिलेल्या टोळक्याला चहा देणारे गावकरी, यांच्या हातात मात्र काहीच नसते. यजमानाला विषय ठाऊक असावा, ही साधी अपेक्षा. तीही आपण आजवर पुरी केलेली नाही.

विषय तसा आपल्याला नवा नाही. पुण्यात भूगोल आणि पर्यावरण शिकायच्या जागा बऱ्याच आहेत. 1949 साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठात दोन्ही विभाग आहेत. इराच भरुचा यांनी उभी केलेली भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षणसंस्था आहे, प्रकाश गोळे यांची इकॉलॉजिकल सोसायटी आहे. पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पर्यावरणाचा एक सक्तीचा पेपर असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे तो आला, आणि भरुचांनी त्यासाठी लिहिलेले पाठ्यपुस्तक देशभर वापरले गेले. हा पेपर बहुतेकांनी आदल्या रात्री वाचून दिलेला असतो, हे इथे मोकळेपणाने मान्य करायला हरकत नाही. बाहेरून आलेला विद्यार्थी हाच विषय स्वतः निवडून, पैसे भरून शिकायला येतो. त्याच्यासोबत एक सत्र हिंडल्यावर आपल्या मुलांनाही तो पेपर नव्याने वाचावासा वाटतो, हा फायदा लहान नाही.

पुणेच का, याचे उत्तर पावसाच्या आकड्यांत आहे. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पुणे शहरात सातशेच्या आसपास, बारामतीकडे जेमतेम पाचशे. हे सगळे सुमारे सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात. सकाळी सदाहरित जंगलात जळवा झटकणारा विद्यार्थी संध्याकाळी बाभळी-बोरींच्या माळावर उभा राहू शकतो. पावसाची इतकी तीव्र उतरण एका दिवसात पायाखालून घालता येईल अशा जागा जगात फार नाहीत. शिवाय एक गंमत पाहुण्याला नकाशावर बोट ठेवून दाखवावी. घाटमाथ्यापासून अरबी समुद्र सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटर, पण तिथे पडलेला थेंब त्याच्याकडे पाठ फिरवतो आणि मुठा, मुळा, भीमा, कृष्णा असा सगळा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतो. वाटेत अशा थेंबांना टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला ही चार धरणे अडवतात. चारींची मिळून क्षमता सुमारे 29 टीएमसी. पुण्याचे पिणे आणि दौंड-इंदापूरची शेती यांचे भांडण या आकड्यात मावलेले आहे, आणि दर उन्हाळ्यात कालवा समितीच्या बैठकीत ते नव्याने ऐकू येते.

या पुस्तिकेतल्या फेऱ्यांची सुरुवात आम्ही ना घाटमाथ्यावर केली ना धरणावर. ती कर्वेनगरात केली आहे. त्याची कारणे थोडी विस्ताराने सांगतो.

कर्वेनगर म्हणजे मूळचे हिंगणे बुद्रुक, मुठेच्या डाव्या तीरावरचे. पलीकडच्या तीरावर सिंहगड रस्त्याला हिंगणे खुर्द आहे. थोरले गाव एका काठाला, धाकटे दुसऱ्या. नदी मधून वाहते आणि नाव दोघांना एकच. वस्त्यांचा भूगोल शिकवायला याहून सोपा नमुना शोधून सापडणार नाही. 1900 साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवांचा आश्रम या हिंगण्यात आणला, तेव्हा तो शहरापासून दूर, ओसाड माळ होता. 1915 मध्ये जपानच्या महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका त्यांच्या हाती पडली, आणि पुढच्या वर्षी हिंगण्यात भारतातले पहिले महिला विद्यापीठ सुरू झाले. पुढे सत्तरी ओलांडल्यावर अण्णा कर्वे युरोप, अमेरिका, जपान हिंडून आले. परदेशातून आलेली एक पातळ पुस्तिका माळरानाचे काय करू शकते हे कर्वेनगरकरांना वेगळे सांगायला नको. पाहुण्यांना मात्र जरूर सांगावे.

दुसरे कारण कॅनॉल रोड. खडकवासल्याचे धरण 1879 मध्ये पुरे झाले आणि त्यातून दोन कालवे निघाले. उजवा अजून वाहतो. डावा बंद पडला आणि त्याच्या वाटेचा काही भाग रस्ता झाला. त्या रस्त्याने चालताना विद्यार्थ्याला एवढेच विचारावे: हा रस्ता सारखा वळतो, पण चढ का लागत नाही? कालवा समउच्चतेची रेषा धरून, अगदी नावापुरत्या उताराने नेलेला असतो. नकाशावरची तपकिरी रेषा इथे पायाखाली सापडते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पत्रकांत हा भाग 47 एफ/15 वर येतो. विद्यापीठ मात्र 47 एफ/14 वर, कारण साडेअठरा अंशाचे अक्षवृत्त शहराच्या मधून जाते. दोन पत्रके चिकटवल्याशिवाय पुणे पुरे होत नाही. ती चिकटवण्याचे काम एक पाहुणा आणि एक इथला अशा जोडीला द्यावे. पहिल्या दिवसाचा संकोच त्यात आपोआप मोडतो.

तिसरे कारण पूर. राजाराम पुलावर उभे राहून दोन्ही काठ पाहावेत. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि काठच्या पेठा वाहून गेल्या. त्यानंतर पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या. म्हणजे आजच्या शहराच्या रचनेत त्या एका सकाळचा मोठा वाटा आहे. सप्टेंबर 2019 च्या एका रात्री आंबिल ओढ्याने दाखवून दिले की पूर यायला धरण फुटावे लागत नाही, अडवलेला ओढाही पुरतो. जुलै 2024 मध्ये खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि कर्वेनगरच्या समोरच्या काठाला एकतानगरीत पाणी शिरले. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा कागदावर आखलेल्या असतात. त्या जमिनीवर कुठून जातात हे त्यांच्या आत राहणाऱ्यांनाही पुष्कळदा माहीत नसते. फेरीतला एक पाठ त्यासाठीच ठेवला आहे: रेषा घेऊन चालायचे, आणि वाटेत सत्तरीपुढच्या माणसांना विचारायचे, एकसष्टला पाणी कुठवर आले होते. बोट दाखवून सांगितलेली पायरी आणि नकाशावरची रेषा किती जुळतात, हे दोघांनी मिळून लिहायचे.

माणसांशी बोलण्याबद्दल मात्र सावध करायला हवे, कारण सर्वाधिक घोटाळे तिथेच होतात. पाहुण्यांच्या प्रश्नावलीत हमखास असतो असा एक प्रश्न: घरात रोज किती लिटर पाणी लागते? मुळशीतल्या किंवा पुरंदरातल्या वाडीवर बाई या प्रश्नाकडे बघत राहते. तिला विचारा, सकाळी किती हंडे भरता; लगेच आकडा येईल, त्याबरोबर कळशी कोण आणते, धुणे विहिरीवर की ओढ्याला, पाहुणे आले की किती खेपा वाढतात, हेही येईल. मग हंड्यात पाणी भरून ते लिटरच्या मापाने मोजा. गुणाकार आपण करायचा, तिला करायला लावायचा नाही. तसेच पावसाचे. 'कोणत्या महिन्यात पाऊस किती?' याला शेतकरी काय सांगणार? मृगाने दडी मारली, आर्द्रात थोडा झाला, हस्ताने झोडपले, असा त्याचा हिशोब असतो. नक्षत्रांच्या तारखा पंचांगात छापलेल्या आहेत. वेधशाळेच्या रोजच्या नोंदी त्यांच्याशेजारी मांडल्या की चांगला प्रबंध तयार होतो. ही भाषांतराची अडचण समजून दुभाष्यावर सोपवू नये. ती मोजमापाची अडचण आहे आणि भूगोलाच्या विद्यार्थ्याने तिला स्वतः भिडले पाहिजे.

इथे आधी येऊन गेलेल्यांची आठवण ठेवावी. हायडेलबर्गचे गुंथर सोनथायमर धनगरांमागून आणि खंडोबाच्या वाटांनी हिंडले. ॲन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातल्या नद्यांचा धार्मिक अंगाने अभ्यास केला आणि 1995 मध्ये त्यावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या घाटांवर सवाष्णी नदीची ओटी का भरतात, हे समजून घ्यायला आजही तो वाचावा लागतो. इथल्यांत दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या टेकड्यांवर फिरायला जात आणि पायाखालची सूक्ष्म दगडी हत्यारे वेचून आणत. अण्णा कर्व्यांच्या सूनबाई इरावतीबाई डेक्कन कॉलेजातून निघून पालखीबरोबर चालल्या, आणि माणसे कुठकुठून पंढरपूरला जातात यावरून महाराष्ट्राची सीमा त्यांना उमगली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवराया पिंजून काढल्या. या मंडळींनी एकेका विषयाला वर्षानुवर्षे दिली. आपल्या पाहुण्याकडे चार-साडेचार महिने आहेत. तेव्हा त्याने 'भारताचे पर्यावरण' असल्या भव्य विषयाला हात घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. एक ओढा, एक विहीर, एक देवराई घ्यावी आणि ती नीट करावी.

आणखी एक मत नोंदवतो. ते सहलींचे वेळापत्रक आखणाऱ्यांना कदाचित आवडणार नाही. बस भरून आदर्श गावात जायचे, तासभर भाषण ऐकायचे, फेटे बांधून फोटो काढायचे आणि परत यायचे, याला क्षेत्रअभ्यास म्हणू नये. याची उलट बाजूही तितकीच वाईट: झोपडपट्टी, कचरा डेपो, आटलेली विहीर, असे दुःखाचे प्रदर्शन मांडत नेणे. त्यापेक्षा पुरंदरातल्या नायगावला एक पूर्ण दिवस द्यावा. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणशी अर्ध्या एकराच्या हिशोबाने द्यायचे, भूमिहीनालाही त्यात वाटा, आणि ऊस लावायचा नाही. हे तीन नियम घेऊन चर्चेला बसवले की बर्लिनचा आणि बारामतीचा विद्यार्थी सारखेच अडखळतात. तसाच एक दिवस मुळशीला द्यावा. पर्यावरणाच्या चळवळी आपल्याकडे पश्चिमेतून आल्या, असे पाहुण्यांना वाटते आणि आपल्यालाही. मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला तो 1921 मध्ये. धरण झालेच. वीज मुंबईला गेली, गावे पाण्याखाली. त्या जलाशयाकाठी बसून विकासावरची व्याख्याने पुन्हा वाचावीत.

पाहुणेही काही घेऊन येतात, हे विसरू नये. पाण्याच्या स्थानिक मंडळांची कित्येक शतकांची परंपरा असलेल्या नेदरलँड्समधून आलेला मुलगा कर्वेनगरातल्या सोसायटीत टँकर रिकामा होताना पाहतो आणि निरागसपणे विचारतो, हे पाणी जमिनीतून उपसायची परवानगी कोणी दिली? आपण गप्प होतो. महाराष्ट्रात भूजलाचा कायदा 2009 चा आहे. तरीही ज्याची जमीन त्याचे पाणी, हीच आपल्या मनातली घटना आहे. असा प्रश्न विचारायला कधी कधी परकाच लागतो. त्याचे उत्तर शोधायला दप्तरे चाळणे, वॉर्ड ऑफिसात खेपा घालणे हे मात्र इथल्या जोडीदाराचे काम, आणि त्याचे नाव प्रबंधावर बरोबरीने यावे.

उरलेल्या अर्ध्या वर्षाची सोय आम्ही वह्यांनी केली आहे. प्रत्येक जोडीतला इथला विद्यार्थी बारा महिने तीन नोंदी ठेवतो: सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातला पाऊस, ठरलेल्या विहिरीची पाणीपातळी, आणि सोसायटीत आलेले टँकर. साडेआठची वेळ हवामान खात्याची आहे. ती पाळली तरच आपले आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. जानेवारीत येणाऱ्याला जुलैची वही मिळते. जुलैत येऊन गेलेल्याला एप्रिलची पाने मागाहून पाठवली जातात, आणि त्या बदल्यात तो आपल्या गावच्या नदीची तशीच नोंद पाठवतो.

कर्वेनगर-वारजे भागातल्या वाचकांना शेवटी एक विनंती. तुमच्या आवारात जुनी विहीर असेल, वापरात असो वा नसो, तर तिचे झाकण महिन्यातून एकदा आमच्या मुलांना उघडून द्या. टेप सोडून पातळी मोजायला दहा मिनिटे लागतात. गच्चीवर पर्जन्यमापकासाठी हातभर मोकळी जागा मिळाली, आणि शेजारी वाळवण घालणाऱ्यांनी त्याला धक्का लावला नाही, तर फारच उत्तम.