भिडूंच्या समेटाकडून संचालकाच्या निर्णयाकडे : ब्रिजच्या नियमसंहितेतील एक स्थित्यंतर

प्रस्तावना

क्रीडा-इतिहासाच्या अभ्यासात मैदानी खेळांना जे स्थान लाभले, ते बैठ्या खेळांना क्वचितच लाभले आहे. पत्त्यांच्या खेळाकडे तर व्यसनाच्या अंगानेच पाहण्याची रीत अधिक. वस्तुतः ब्रिजची नियमसंहिता हा न्यायव्यवहाराच्या इतिहासाचा छोटा, पण बोलका दस्तऐवज आहे. नियमभंग झाल्यावर निवाडा कोणी करायचा, या प्रश्नाचे उत्तर या खेळात सुमारे दीडशे वर्षांत पार पालटले. प्रस्तुत लेखात या पालटाचा व त्यामागील कारणाचा मागोवा घेतला आहे.

व्हिस्टचा वारसा

व्हिस्ट हा ब्रिजचा पूर्वज. जॉन लोरेन बाल्डविन यांनी संपादित केलेली 'शॉर्ट व्हिस्ट'ची नियमावली लंडनमध्ये १८६४ साली प्रसिद्ध झाली. हाती रंग असताना भलत्याच रंगाचे पान टाकणाऱ्यास तीत कठोर शासन सांगितले आहे. प्रतिपक्षाने त्याचे तीन हात घ्यावेत, किंवा त्याच्या गुणांतून तीन गुण वजा करावेत, अथवा स्वतःच्या गुणांत तीन मिळवावेत. अवघ्या पाच गुणांच्या खेळात तीन गुण म्हणजे निम्म्याहून अधिक खेळ गेला! प्रत्यक्ष नुकसान किती झाले, याचा विचार येथे नाही. शासनाचा प्रकार निवडण्याचा अधिकारही प्रतिपक्षाचाच. खेळणारे चौघे, पणाला लागलेले पैसेही त्यांचेच. त्यामुळे दंड वसूल करावा की उदार मनाने सोडून द्यावा, हा त्या चौघांपुरता मामला होता.

अनुपस्थितांचा हक्क

ही चौकट मोडली ती 'डुप्लिकेट' पद्धतीने. या पद्धतीत वाटलेली पाने एकत्र मिसळली जात नाहीत. तेच चार हात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातात आणि एकाच डावावर अनेक जोड्यांनी मिळवलेल्या गुणांची तुलना होते. नशिबाचा वाटा कमी करण्यासाठी निघालेल्या या युक्तीचा न्यायाच्या दृष्टीने मोठा परिणाम झाला. एका टेबलावर दाखवलेले औदार्य आता दुसऱ्या टेबलावरील जोडीच्या खिशातून जाऊ लागले. नवख्या जोडीची चूक अनुभवी जोडीने 'जाऊ द्या, उचला पान' म्हणून पोटात घातली, तर ते वागणे शिष्टाचाराचे दिसते. परंतु त्याच डावावर त्याच बाजूने खेळलेल्या तिसऱ्या जोडीचा क्रम त्यामुळे खाली जाऊ शकतो, आणि ती जोडी तर त्या संभाषणाला हजरही नसते. तिचे प्रतिनिधित्व कोणी करायचे?

डायरेक्टर अर्थात स्पर्धा-संचालक हे त्या प्रश्नाचे उत्तर होय. १९२५ मध्ये हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती सिद्ध केली. डुप्लिकेट ब्रिजची पहिली नियमसंहिता १९२८ ची. लंडनचा पोर्टलंड क्लब आणि न्यूयॉर्कचा व्हिस्ट क्लब यांनी १९३० च्या दशकात ती राखली. पुढे राष्ट्रीय संघटना पुढे आल्या आणि १९७५ पासून जागतिक ब्रिज महासंघही तिच्या प्रवर्तकांत आला. या संहितेचा नववा व दहावा नियम प्रस्तुत विषयाचा गाभा आहे. अनियमिततेकडे कोणी लक्ष वेधताच संचालकास बोलवावे. तो येऊन समजावून सांगेपर्यंत कोणीही पुढे काही करू नये. उपाय ठरवण्याचा किंवा परस्पर माफ करण्याचा अधिकार खेळाडूंना नाही. माफी पूर्णपणे वर्ज्य मात्र नाही. निर्दोष पक्षाने विनंती केली व कारण सबळ असले, तर ती देण्याचा अधिकार संचालकाला आहे. म्हणजे दया शिल्लक राहिली, फक्त तिचा दाता बदलला.

नेहमी घडणारा प्रसंग घ्यावा. उतारी डिक्लेररच्या डावीकडील खेळाडूची असताना उजवीकडचा खेळाडू पान उघडे टाकतो. ते पान गुपचूप उचलू दिले, तर त्याच्या भिडूला जे दिसू नये ते दिसून गेलेले असते. संचालक आला, तर तो डिक्लेररपुढे पाच वाटा मांडतो. उतारी मान्य करून स्वतःची पाने पसरावीत व आपणच डमी व्हावे. मान्य करून डमीची पाने पाहावीत आणि मग स्वतः खेळावे. योग्य खेळाडूला तोच रंग उतरण्यास सांगावे. तो रंग उतरण्यास मनाई करावी. किंवा त्याला हवे ते उतरू द्यावे आणि चुकीचे पान दंडपान म्हणून टेबलावर उघडे राहू द्यावे. अनुभवी खेळाडूही या पाचांपैकी दोन-तीन हमखास विसरतात. त्यामुळे स्मरणावर विसंबून केलेला आपसातला निवाडा सद्हेतूचा असूनही अपुरा ठरतो.

तरीही क्लबच्या पातळीवर संचालकाला हाक मारणे म्हणजे प्रतिस्पर्ध्यावर लबाडीचा आरोप करणे, असा समज चिवट आहे. समोरचा ज्येष्ठ सभासद असेल तर संकोच अधिकच. वास्तविक बोलावल्यामुळे कोणाचाही हक्क कमी होत नाही. उलट बोलावण्याआधीच निर्दोष पक्षाने परस्पर खेळ पुढे नेला, तर भरपाईचा त्याचा हक्क जाऊ शकतो. हाक सौजन्याने मारावी, हेही संहितेनेच सांगितले आहे.

दंडाकडून दुरुस्तीकडे

या समजाला संहितेची भाषाही काही अंशी जबाबदार होती. 'दंड' हा शब्द तीत दीर्घकाळ ठायी ठायी होता. २००७ च्या आवृत्तीत त्याच्या जागी बहुतेक ठिकाणी 'दुरुस्ती' या अर्थाचा शब्द आला. हा बदल केवळ शाब्दिक नव्हे. रंग न दिल्याबद्दल व्हिस्टमधील सरसकट तीन हातांच्या जागी आता परिणामानुसार हिशेब होतो. तो हात चुकणाऱ्याने स्वतः जिंकला असून त्याच्या बाजूने नंतरही एखादा हात घेतला असेल, तर सामान्यतः दोन हात द्यावे लागतात. अन्य परिस्थितीत एक. आणि त्या हातापासून पुढे काहीच जिंकले नसेल, तर एकही नाही. एवढ्याने निर्दोष पक्षाचे नुकसान भरून येत नसेल, तर संचालक गुणच बदलून देतो. बाल्डविन यांच्या नियमावलीतील निश्चित आकड्याची जागा येथे विवेकाने घेतली, आणि त्याबरोबर चुकीची शक्यताही आली. तिचीही तरतूद संहितेत आहे. संचालकाचा निर्णय चुकला आणि डाव नीट पूर्ण करणे शक्य राहिले नाही, तर दोन्ही पक्षांना निर्दोष मानून गुण द्यावेत, असे ब्याऐंशीवा नियम सांगतो.