मीठ, साखर आणि बनगावची छावणी

लहानपणी जुलाब लागले की आजी मला मीठ घातलेली पेज द्यायची. मी कुरकुरायचो, "नुसतं पाणी दे ना!" आजीचंच खरं होतं, हे मला १९७१ची गोष्ट वाचल्यावर कळलं.

बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमध्ये बनगावला निर्वासितांत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा असं मिश्रण केलं. रुग्णांना ते पाजलं त्यांच्याच नातेवाइकांनी. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं!

असं का झालं? आतड्यात ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम जोडीनं आत शिरतात आणि पाणी त्यांच्यामागून येतं. कॉलऱ्यातही ही वाट बंद होत नाही. पेजेतल्या तांदळाचंही पोटात शेवटी ग्लुकोजच होतं.

म्हणून घरात ओआरएसचं पाकीट ठेवाच. पाणी मात्र पाकिटावर लिहिलंय तेवढंच घाला. आणि आजीनं पेज दिली, तर गुपचूप प्या!