यूडिट लेइस्टर: एक झाकलेली सही

सतराव्या शतकातील हॉलंडमध्ये चित्रे केवळ सरदार-श्रीमंतांच्या वाड्यांसाठी काढली जात नसत. व्यापारी, कारागीर, दुकानदार असे मध्यम स्थितीतले नागरिकही आपल्या घरांच्या भिंतींसाठी चित्रे विकत घेत. या ग्राहकवर्गामुळे सराईतली मौजमजा, व्हायोलिन वाजवणारा वादक, पत्त्यांचा डाव, शिवणकामात गढलेली स्त्री असे नित्याच्या जगण्यातले विषय चित्रकलेत मानाने आले. या परंपरेतील यूडिट लेइस्टर हे नाव सुमारे दोन शतके जवळजवळ पुसले गेले होते. ते कसे पुसले गेले आणि कसे परत आले, याचा इतिहास तिच्या चित्रांइतकाच बोलका आहे.

यूडिटचा जन्म १६०९ साली हार्लेम येथे झाला. तिच्या वडिलांच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्याचे नाव ‘लेइस्टर’, म्हणजे वाट दाखवणारा तारा. तेच पुढे कुटुंबाचे आडनाव झाले. १६२०च्या दशकाच्या मध्यास वडिलांचे दिवाळे निघाले. घरात चित्रकलेची परंपरा नव्हती. तरीही १६२८ साली सॅम्युएल अम्पझिंग या कवीने हार्लेमनगरीवरच्या आपल्या काव्यात तिचा चित्रकर्ती म्हणून उल्लेख केला, तेव्हा ती विशीतही पोहोचली नव्हती. १६३३ साली हार्लेमच्या चित्रकारसंघाने, म्हणजे सेंट ल्यूकच्या गिल्डने, तिला सदस्यत्व दिले. स्वतःची कार्यशाळा चालवणे आणि शिष्य घेणे हा अधिकार या सदस्यत्वाने मिळत असे. तिने तो वापरलाही. १६३५ साली तिचा एक शिष्य तिला सोडून फ्रान्स हाल्सच्या कार्यशाळेत गेला, तेव्हा त्या काळातील हार्लेमच्या सर्वांत नामांकित चित्रकाराविरुद्ध तिने संघाकडे रीतसर तक्रार गुदरली.

तिची सही म्हणजे तिच्या नावाची जोडलेली आद्याक्षरे आणि त्यांना लागून एक तारा. आडनावावरची ही कोटी तिला आवडत असावी. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतील तिच्या आत्मचित्रात ती खुर्चीवर रेलून, ओठ किंचित विलग करून, कामात कोणीतरी हाक मारल्यासारखी आपल्याकडे वळून पाहते. हातात कुंचला आहे आणि समोरच्या कॅनव्हासवर एक हसरा वादक. या वादकाच्या जागी आधी एका स्त्रीचा चेहरा होता, हे आधुनिक तपासणीतून कळले आहे. आपण जनजीवनातले प्रसंग रंगवणारी चित्रकर्ती आहोत हे ग्राहकाला दिसावे, म्हणून तिने हा बदल केला असावा.

हेग येथील माउरित्सहाउस संग्रहालयातील १६३१ सालचे एक छोटे चित्र आज ‘प्रस्ताव’ या नावाने ओळखले जाते. दिव्याच्या उजेडात एक स्त्री शिवते आहे. फरची टोपी घातलेला पुरुष तिच्या खांद्यावर हात ठेवून, दुसऱ्या तळहातावरची नाणी तिला दाखवतो आहे. अशा सौद्याच्या चित्रांत स्त्री बहुधा हसत सामील झालेली दाखवली जाई. इथे मात्र ती मान वर करत नाही. तिची सुई चालूच राहते. फ्रिमा फॉक्स हॉफ्रिक्टर या अभ्यासिकेने या चित्राचा अर्थ नकोशा मागणीने संकोचलेल्या स्त्रीचे चित्र असा लावला. त्यावर मतभेद आहेत. पण त्या स्त्रीच्या मौनाने चित्राचा सारा तोल आपल्याकडे ओढून घेतला आहे, हे कोणीही नाकारणार नाही.

१६३६ साली तिने यान मिन्से मोलेनार या चित्रकाराशी विवाह केला आणि दोघे अ‍ॅमस्टरडॅमला गेले. त्यांना पाच अपत्ये झाली, त्यांतली दोनच मोठी होईतो जगली. लग्नानंतरची तिची चित्रे फार थोडी आहेत. १६४३ सालचे एक ट्यूलिपचे चित्र त्यांतले ठळक. घरचा व्याप आणि पतीच्या व्यवसायातला सहभाग यांतच तिचा बराच काळ गेला असावा. १६६० साली ती वारली. पुढे घरातल्या चित्रांच्या यादीत तिची नोंद मोलेनारची पत्नी अशी झाली, आणि तिची चित्रे हळूहळू हाल्सच्या नावाने विकली जाऊ लागली.

१८९३ साली या सर्वाला कलाटणी मिळाली, तीही एका व्यापारी वादामुळे. हाल्सचे म्हणून ४,५०० पौंडांना विकलेल्या एका चित्रावर हाल्सच्या सहीखाली दुसरीच सही आढळली आणि खरेदीदार लंडनच्या न्यायालयात गेले. अखेर तडजोड होऊन किंमत उतरली. मूळ सही कोणाची याची उकल डच संशोधक हॉफस्टेडे द ख्रोट यांनी केली: ती तारा जोडलेली आद्याक्षरे लेइस्टरची होती. ते चित्र आज लूव्रमध्ये आहे.

इथे थोडे थांबून विचार करावा. चित्र तेच, रंग तेच, हसणारे जोडपेही तेच. बदलले ते नाव, आणि तेवढ्याने मोल घसरले. विसाव्या शतकातही काही समीक्षकांना, पूर्वी हाल्सचा जोम म्हणून वाखाणलेल्या कुंचल्यात स्त्रीसुलभ दुबळेपणा दिसू लागला. आपण चित्र पाहतो की चित्राखालची पाटी वाचतो, हा प्रश्न लेइस्टरने मुद्दाम विचारलेला नाही. तिच्या चित्रांच्या नशिबाने तो आपल्यापुढे ठेवला आहे. १९९३ साली हार्लेममध्ये तिच्या चित्रांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले, तेव्हा ती उकल होऊन बरोबर शंभर वर्षे झाली होती.