न्यायसहायक विज्ञान : शिक्षण व व्यवसाय
गुन्ह्यांचा तपास व न्यायदान यांत उपयोगी पडणाऱ्या वैज्ञानिक पद्धतींचे विद्यापीठीय शिक्षण. बारावी विज्ञाननंतर बी.एससी. व पुढे एम.एससी. असा सर्वसाधारण क्रम असतो. रक्त, विष, बोटांचे ठसे, हस्ताक्षर, गोळीवरील ओरखडे, संगणकीय पुरावा यांचे परीक्षण शिकवतात. मुद्देमालाचे सील तपासणे व तो कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंद ठेवणे, हेही त्यात येते. गांधीनगरला २००८ मध्ये स्थापन झालेले गुजरातचे न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ २०२० मध्ये राष्ट्रीय विद्यापीठ झाले. मुंबईत शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. पदवीधरांना प्रयोगशाळा, बँका, विमा व सायबर सुरक्षा क्षेत्रांत संधी मिळते. शवविच्छेदन मात्र डॉक्टरच करतात. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मध्ये असल्याने अशा तज्ज्ञांची मागणी वाढत आहे.