काडीमोड, कोर्ट आणि आमची ज्ञाती

वधूवरांची माहिती, देणगीदारांच्या याद्या व गुणवंतांचे सत्कार यांनी आमची स्मरणिका दरवर्षी भरलेली असते. मोडलेल्या संसारांविषयी मात्र तीत अवाक्षर नसते. वास्तविक तोही ज्ञातीच्या इतिहासाचाच भाग होय. सबब त्याचे थोडे अवलोकन येथे योजिले आहे.

घटस्फोट ही पाश्चात्त्यांकडून आलेली चाल, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. वरिष्ठ म्हणविणाऱ्या जातींत विवाह अविच्छेद्य मानीत; तथापि महाराष्ट्रातील अनेक जातींत काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या रूढ होते. पंचांसमक्ष काडी मोडली की संबंध तुटे आणि स्त्रीस पाट लावण्यास मोकळीक मिळे. हा न्याय जवळचा होता, भाषेचा होता, स्वस्तही होता. पण पंचांत स्त्री बसत नसे, हेही विसरून चालणार नाही.

इंग्रजी कोर्टे आली आणि या न्यायाचा पाया डळमळला. पतीच्या संमतीवाचून स्त्रीस दुसरे लग्न करू देणारी जातीची रूढी मुंबई हायकोर्टाने १८६४ साली अमान्य केली. पंचांच्या लेखी जी मोकळी, ती सरकारच्या लेखी बांधलेली, असा प्रकार झाला.

पुढे १८८४ साली सुतार ज्ञातीतील रखमाबाईंवर त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी नांदावयास येण्याबद्दल दावा लावला. लग्न झाले तेव्हा रखमाबाई अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या. १८८७ साली हायकोर्टाने पतीकडे जा, नाहीतर तुरुंगात जा, असा निवाडा दिला. त्यांच्या साहाय्यार्थ मुंबईत समिती स्थापन झाली, निधी जमला. आणि १८८८ साली दादाजींना दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. रखमाबाई विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या. नामांकित वकील व वजनदार पाठीराखे लाभलेल्या स्त्रीची ही कथा. मग खेड्यातील निर्धन लेकीने कोणाचे दार ठोठवावे?

त्या प्रश्नास उत्तर मिळण्यास फार काळ लागला. बडोदे संस्थानात १९३१ साली, मुंबई प्रांतात १९४७ साली घटस्फोटाचे कायदे झाले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तो हक्क देशभर दिला. त्याच कायद्याने ज्ञातीची जुनी रूढीही राखली. परंतु ती प्राचीन, अखंड व निश्चित असल्याचे कोर्टात शाबीत करावे लागते. केवळ फारकतनामा दाखवून भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले.

येथे आम्हांस एक कबुली देणे प्राप्त आहे. १९८६ साली आमचे हस्ताक्षर बरे म्हणून पंचांनी एक फारकतनामा आमच्याकडून मुद्रांकाच्या कागदावर लिहवून घेतला. त्या मुलीचा पुनर्विवाह झाला, संसारही चांगला झाला. मात्र दुसरे पती निवर्तल्यावर निवृत्तिवेतनासाठी ती एका कचेरीत गेली, तेव्हा पहिला विवाह कायद्याने तुटल्याचा पुरावा मागण्यात आला. तिने आमचा कागद पुढे केला. तो परत मिळाला. साक्ष देतील असे पंच तोवर कालवश झाले होते. अक्षर सुरेख होते, पण कागद लंगडा होता. तो दोष आमचाही आहे.

आज दार कोठे आहे, ते म्हणून सांगतो. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अंमलात आहे. त्यान्वये कोणत्याही स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातील विधी सेवा समितीकडे वा जिल्ह्याच्या प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही विचारता येते. २००३ पासून पत्नीस आपण राहते त्या ठिकाणच्या कोर्टातच अर्ज करता येतो. दावा चालू असता पोटगी व दाव्याचा खर्च मागण्याची सोय १९५५ च्या कायद्यातच आहे. ज्यास स्वतःचे पुरेसे उत्पन्न नाही, अशा पतीसही ती लागू आहे. घरात मारहाण होत असल्यास २००५ च्या कायद्यान्वये नेमलेला संरक्षण अधिकारी अर्ज करण्यास साहाय्य करतो. उभयतांची संमती असेल, तर वर्षभर विभक्त राहिल्यावर एकत्र अर्ज देता येतो.

ज्ञातीतील वडीलधाऱ्यांनी समेटाचा प्रयत्न अवश्य करावा. दोन घरे सांधणे हे पुण्यकर्मच होय. परंतु समेट होत नसेल, तर फारकतनामा लिहून लेकीस परत पाठवू नये. तिच्यासमवेत तालुक्याच्या कोर्टापर्यंत चालत जावे. आमच्या पूर्वजांचे पंच तिच्या उंबऱ्यापर्यंत येत असत. आपण निदान इतके तरी करावे, हीच ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती.